क्लीनर साइडचं मागचं चाक

मिस्तरी गाडीखाली असतात तेव्हा मी वर केबिनमध्ये बसलेली असते. खालून आवाज येतो, "दाब." मी ब्रेक दाबते. "सोड." मी सोडते. मग ते विचारतात, "बराबर हाय का?" आणि मी सांगते. लग्न होऊन वारंगा फाट्याला आले तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. सगळा फाटा माझ्या नवऱ्याला मिस्तरी म्हणतो, म्हणून मीही इथे तेच लिहिते.

केबिनमध्ये बसायला मला आवडतं. उंचावर असतं, काच मळकी असते, कोणी बघत नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. शाळेत हजेरीला मी नुसता हात वर करायचे, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. पण ब्रेकचं पायाला कळतं. जड गाड्यांना हवेचे ब्रेक असतात. सोडला की मागून दोन्ही बाजूंनी फुस्स होतं. कुठली बाजू मागे राहिली, कुठली अडकली, हे मी न बघता सांगू शकते. मिस्तरी म्हणतात, माझा अर्धा कान तिच्या पायात हाय.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर जे झालं ते लिहायचं आहे.

ऊसतोडीच्या मुकादमाची एक जुनी गाडी आमच्या शेडशेजारच्या पडीक रानात पावसाळाभर उभी होती. हँडब्रेक ओढलेला. चाकांत गवत वाढलं होतं, मागची चाकं निम्मी पाण्यात होती. जॅकवर उचलली तेव्हा ड्रममधून लालभडक पाणी गळायला लागलं. गंजाचंच होतं, पण बघवत नव्हतं. मी त्याच्यावर माती टाकली.

"पावसाळाभर हँडब्रेक ओढून कोणी गाडी ठेवतं व्हय?" मिस्तरी ड्रायव्हरला म्हणाले.

"मग काय करू? हितं उतार हाय. पळाली असती."

"आता बघ, कशी पळून राहिली."

ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही. ही गाडी तोडीला जी टोळी घेऊन जाणार होती, तिच्यात माझी धाकटी बहीण होती. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. असे बारा कोयते, त्यांची लेकरं, भांडी, सरपण, कोंबड्या, सगळं त्या एका गाडीत. आणि वाटेत बीडकडचा घाट.

ड्रम म्हणजे चाकाच्या आतलं जाड लोखंडी भांडं. त्याच्या पोटात अर्ध्या चंद्रासारखे दोन बूट असतात, बुटांवर लायनर बसवलेलं असतं. ब्रेक दाबला की बूट फाकतात आणि लायनर ड्रमला घासून चाक थांबतं. इथे चार महिन्यांच्या पाण्यानं ते आतल्या आत धरून बसलं होतं, करपलेली भाकरी तव्याला धरते तसं. ड्रायव्हर साइडचा ड्रम काढायला एक अख्खा दिवस गेला. डिझेल सोडलं, घणानं ठोकलं, ड्रमला दोन भोकं असतात त्यांत बोल्ट पिळून ड्रम बाहेर ढकलला. निघाला तेव्हा आतून ओंजळभर लाल भुकटी पडली. मिस्तरींनी सगळं साफ केलं, नवीन लायनर घातलं, स्प्रिंगा बदलल्या.

क्लीनर साइड, म्हणजे डावी बाजू, राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली आणि नऊ वाजता बोल्ट भोकात तुटला.

तेवढ्यात मुकादम आला. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. "अकराचा मुहूर्त हाय मिस्तरी. माणसं निघाली घरून."

"बोल्ट तुटला. ड्रम उघडायला सांज होईल."

"सांज? आणि मुहूर्त कुठं ठेवू, खिशात?"

मिस्तरींनी मग दुसरं केलं. ब्रेक ढिला केला, ड्रम गॅसनं तापवला, चहूबाजूंनी ठोकला. चाक जॅकवर होतं. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा चाक करकरत एक वेढा फिरलं, मग दुसरा.

"फिरलं की!" मुकादम म्हणाला.

"फिरलं. पण आत बघितल्याबिगर मी काही म्हणणार न्हाई."

"चांगल्या माणसाचं पोट फाडून बघता का तुमी? फिरलं ना? मग झालं. परत आल्यावर निवांत उघडा."

मिस्तरींनी हातातला घण खाली ठेवला. मग त्यांनी जॅक उतरवला. शेवटची तपासणी करायची म्हणून मला वर बसवलं आणि ते गाडीखाली गेले.

"दाब."

मी दाबलं. क्लीनर साइडनं 'कट्' असा आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. पायाखालचा जोर क्षणभर गेला आणि परत आला.

"सोड."

मी सोडलं. ड्रायव्हर साइडनं फुस्स झालं. दुसऱ्या बाजूनं झालं नाही. झालं असेल तर मला ऐकू आलं नाही.

"बराबर हाय का?"

त्या वेळी मुकादम केबिनच्या पायरीवर उभा होता, ड्रायव्हर त्याच्यामागे. मुकादमाचं डोकं माझ्या गुडघ्याजवळ आलेलं. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "व्हय."

एवढाच शब्द. तो गेला आणि मागे घेता आला नाही.

साडेदहाला पुसेगावकडची माणसं टेम्पोनं आली. बहीण उतरली, कडेवर धाकटं, हाताला पोरगी. तिची पोरगी सहा वर्षांची.

"आक्का, तुझ्या अंगणातून जाऊन राहिले बघ या वर्षी," ती म्हणाली. "दाजीनं दुरुस्त केलेली गाडी. मला काय भ्याव?"

मी तिला ठेच्याचा डबा दिला. म्हणाले, "पुढं बस ना, केबिनच्या बाजूला."

"न्हाई गं, तिथं म्हाताऱ्या बसल्यात. मी मागं बसते, चाकावर. तिथं टेकायला बरं."

ती क्लीनर साइडच्या मागच्या चाकाच्या वरच बसली. फळीच्या फटीतून पोरीनं हात बाहेर काढला, मी तो धरला. आता सांगावं, असं दोनदा तोंडाशी आलं. पण सांगायचं कोणाला? मिस्तरींना सांगितलं तर माणसांत सांगावं लागणार. आणि चाक तर त्यांनी डोळ्यांनी फिरताना पाहिलं होतं. माझ्या पायाचं काय? मी स्वतःला समजावलं की आवाज जॅकचा असेल. जॅक तोवर बाजूला पडलेला होता, हेही मला माहीत होतं.

निघताना चाकापुढे लिंबं मीच ठेवते. फाट्यावर कुठलीही गाडी आमच्या शेडमधून मोठ्या कामानंतर निघाली की हळदीकुंकू लावून, चार चाकांपुढे चार लिंबं ठेवायची. त्या दिवशीही ठेवली. चारही टायरांना वरच्या अंगाला कुंकवाची बोटं ओढली. मुकादमानं नारळ फोडला. गाडीत बायकांनी उदो उदो केलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

निरोपाला आलेल्या बायका उभ्या होत्या त्या बाजूला मीही होते, म्हणजे क्लीनर साइडला. पुढच्या चाकाखालचं लिंबू फुटलं. मागच्या चाकापुढचं फुटलं नाही. चाक लिंबाला ढकलत पुढे गेलं. मुरमात दोन हात लांब ओरखडा उठला, आणि लिंबू ओरखड्याच्या टोकाला तसंच्या तसं, पिवळंजर्द.

गाडीतली एक म्हातारी वाकून बघत होती. "अगं बाई! लिंबू फुटलं न्हाई!"

गाडी थांबली. उदो उदो जागच्या जागी थांबलं. बायकांनी लेकरं उचलली. कोणी म्हणालं, आज जायचं न्हाई. कोणी म्हणालं, मुकादमाचा काही नवस फेडायचा राहिला असंल. बहिणीनं पोरीला खाली दिलं, मी तिला छातीशी धरलं, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. लिंबानं माझं काम केलं होतं. मला बोलावं लागणार नव्हतं.

"थांबा, थांबा," मुकादम म्हणाला. "लिंबू घसरलं, एवढंच. दुसरं ठेवा. पुढं दगड लावा, म्हंजे पळणार न्हाई."

ड्रायव्हरनं उतरून दुसरं लिंबू ठेवलं, त्याच्यापुढे दगड. परत वर चढून त्यानं गाडीला जोर दिला. इंजिन ओरडलं, गाडी हातभर सरकली आणि लिंबू चाकात नि दगडात सापडून फटकन फुटलं.

"फुटलं! फुटलं!"

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. म्हातारीनं हात जोडले. लेकरं परत वर जाऊ लागली. बहिणीनं वरून हात खाली केले, "दे आक्का तिला."

मी पोरीला दिलं नाही. मी टायर बघत होते. पुढच्या चाकावरचं माझं कुंकू खाली मातीकडे गेलं होतं. मागच्या चाकावरची तीन बोटं मी ओढली तिथंच होती, वरच्या अंगाला, माझ्याकडे तोंड करून.

मिस्तरी पलीकडच्या बाजूला हात पुसत उभे होते. मी पोरीला घेऊन बोनेटपुढून त्यांच्याकडे गेले आणि बोलले. इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

"काय?"

परत बोलले.

"काय म्हणून राहिली तू?"

मग माझ्या गळ्यातून जो आवाज आला तो मला माझा वाटला नाही. "चाक फिरलं न्हाई! क्लीनर साइडचं मागचं चाक फिरलं न्हाई!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मुकादम म्हणाला, "ताई, आता तर लिंबू फुटलं."

"दगडानं फुटलं," मी म्हणाले. "कुंकू बघा."

मिस्तरी गेले, बघितलं, खाली बसून ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग गाडीतल्या माणसांना म्हणाले, "उतरा समदे."

तुटलेला बोल्ट कोरून काढायला दुपार गेली. उन्हं उतरताना ड्रम निघाला. एका बुटावरचं लायनर सुटून त्याचे दोन तुकडे झाले होते आणि एक तुकडा ड्रम नि बुटाच्या मधे आडवा घुसला होता. मोडलेली कड ताजी होती, गंज नव्हता तिच्यावर. ड्रमला आतून बोटभर तडा होता. मिस्तरी ड्रायव्हरला सांगत होते की पक्क्या रस्त्यावर इंजिनच्या जोरानं चाक सुटलं असतं, गाडी चांगली पळाली असती, तुला वाटलं असतं सगळं ठीक हाय. "आणि मग घाटात ब्रेक दाबला की ड्रम फुटला असता."

मुकादम पांढरा पडला होता, पण माणसांपुढे कोणावर तरी ओरडणं भाग होतं. "फिरलं म्हणाला होता ना मिस्तरी? हेच का तुमचं फिरणं? माझी बारा घरं घालवली असती तुमी!"

मिस्तरींनी मान खाली घातली. 'आत बघितल्याबिगर काही म्हणणार न्हाई, असं मी म्हणालो होतो', एवढंही ते बोलले नाहीत. मी तिथंच उभी होते, पोरगी माझ्या पदराला धरून. तेव्हा माझा आवाज फुटला नाही.

टोळी आमच्या शेडपुढेच मुक्कामाला थांबली. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या भंगारातून दुसरा ड्रम आणला, बसवला, आणि दुपारी गाडी गेली. चारही लिंबं फुटली. मी लिंबं बघितलीच नाहीत. कुंकू खाली जाऊन परत वर आलं, ते बघितलं. बहीण फळीवरून ओरडली, "आक्का, तू एवढ्या मोठ्यानं वरडलीस! आईला सांगते आता!" चार दिवसांनी तिचा फोन आला की पोचलो, राहायला खोपी घातली.

गाडी गेल्यावर हौदावर हात धुताना मिस्तरींनी मला विचारलं, "तू ब्रेक दाबला तवा पायाला काही कळलं न्हाई का?"

मी म्हणाले, "न्हाई."

त्यांनी साबण जागेवर ठेवला आणि आत गेले. तेव्हापासून खालून "बराबर हाय का?" विचारलं आणि मी व्हय म्हणाले, की ते थोडं थांबतात आणि परत एकदा विचारतात. पूर्वी एकदाच विचारायचे.

ती गाडी यंदाही त्याच रानात उभी आहे. हँडब्रेक ओढलेला आहे, मी जाऊन बघितलं. मागची चाकं निम्मी पाण्यात आहेत. बहीण यंदाही जाणार आहे. दसरा झाला की मिस्तरी जॅक लावतील आणि मी वर बसेन. पायरीवर कोणी ना कोणी उभं असेलच.