अस्तर सोडवणाऱ्या वनिताकाकी

वनिताकाकींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका रिकाम्या गोणीत तोंड घालून बसल्या होत्या. आटगावच्या पुढे, तानशाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड आहे. मी काम मागायला गेलो होतो. थोड्या वेळाने काकींनी डोकं बाहेर काढलं आणि तीच गोणी माझ्यापुढे धरली.

"कसला वास येतो सांग."

"कागदाचा," मी म्हणालो.

"दुधाची पावडर होती रे तिच्यात. शिकशील. बस."

काकींच्या साठीनिमित्त पुस्तक निघतंय, तूही लिही, असा निरोप आला तेव्हा मी इकडे हैदराबादजवळ एका गोदामात होतो. सातवीनंतर शाळा सोडलेला मी, एका जागी टिकणं माझ्या अंगात नाही, ही चौथी नोकरी. तरी लिहायला बसलो, कारण काकींविषयी सांगायचं आहेच, आणि शेडमधल्या बारकूबाईंना सांगायची एक गोष्ट मी तीन वर्षं गिळून बसलो आहे.

ज्यांनी शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो. कारखान्यांत माल येतो त्या जाड कागदी गोण्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. नुसता कागद असता तर रद्दीवाल्याने नेला असता, नुसतं प्लास्टिक भंगारवाल्याने. दोन्ही एकत्र, म्हणून कोणीच नेत नव्हतं आणि त्या गोण्या ओढ्याकाठी जळत पडायच्या. काकींनी आठ-नऊ बायका जमवल्या आणि कागद वेगळा, अस्तर वेगळं करायला सुरुवात केली. गोणीच्या तोंडाची शिवण त्या कापत नाहीत. दोऱ्याचं बरोबर टोक शोधून एकदा ओढलं की सगळी शिवण सरसर उसवते. अस्तर सुटं असेल तर ओढून निघतं. चिकटवलेलं असेल तर गोणी दिवसभर हौदात भिजवायची आणि मग हळूहळू कागद सोलायचा. कागद पुन्हा कागद बनवणाऱ्या मिलला जातो, प्लास्टिक धुऊन, ते वितळवून त्याचे दाणे करणाऱ्याकडे.

वासावरून काकी गोणीत आधी काय होतं ते ओळखतात. एकदा मुरबाडकडून एक टेम्पो भरून आला. काकींनी दोन गोण्या हुंगल्या आणि टेम्पो परत न्यायला सांगितला. ड्रायव्हर वैतागला.

"काकी, गोणी ती गोणी. एवढं काय नाक लावून बघायचं?"

"फवारणीच्या औषधाची हाय ती. तू ने घरी नि तांदूळ भर तिच्यात. भरशील?"

ड्रायव्हर हसला आणि टेम्पो वळवला. काकींचा हट्ट उगाच नव्हता. गावोगावची माणसं धान्य ठेवायला त्यांच्याकडे अस्तरं मागायला येतात. सिद्धगडाच्या पायथ्याकडचे एक आजोबा नाचणीच्या बियाण्यासाठी आले होते. काकींनी दुधाच्या पावडरच्या गोणीचं एक अस्तर स्वतः धुतलं, वाळवलं, भोक आहे का ते उन्हात धरून पाहिलं आणि मग दिलं. "तोंड घट्ट बांधा आजोबा," त्या म्हणाल्या, "नायतर उंदीर तुमच्या आधी पेरणी करील."

आता ती गोष्ट.

मला भिजलेल्या गोण्या सोलायचा कंटाळा यायचा. एका आठवड्यात मी बऱ्याच गोण्या नीट न भिजवताच फाडल्या. कागदाला प्लास्टिक तसंच राहिलं. ते तुकडे मी कागदाच्या गठ्ठ्यांच्या मधोमध दडवले. मिलवाल्यांनी एक गठ्ठा फोडला आणि सगळा ट्रक परत पाठवला. पुन्हा असं निघालं तर तुमचा माल कायमचा बंद, असा निरोपही आला.

काकींनी कोणावर आवाज चढवला नाही. सगळे गठ्ठे सोडायला घेतले. आम्ही तीन दिवस एकेक कागद पुन्हा पाहत होतो. कोणीतरी पुटपुटलं, "बारकूबाईला हल्ली दिसत नाय, तिचंच काम असंल." बारकूबाई शेडमध्ये वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या हातातला कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. काकी लगेच म्हणाल्या, "गठ्ठे मी बांधून घेतले, न बघता. चूक माजी. चला, हात चालवा."

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकींनी मला हौदापाशी बोलावलं. एक तुकडा दाखवला.

"आमी सगळ्या उजव्या हातानं सोलतो. हा डाव्या हातानं सोललाय, फाड उलट्या बाजूला गेलीय. शेडमदी डावखुरा कोन हाय रे?"

मी डावा हात पाठीमागे घेतला.

"बारकूबाईला तू सांगतोस का मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

"बरं," काकी म्हणाल्या आणि भाकरी माझ्याकडे सरकवली.

मी सांगितलं नाही. आठ दिवसांत काम सोडून निघून गेलो. पुढे कळलं की काकींनी बारकूबाईंना "तुजं नाय ते" असं कितीदा सांगितलं, पण त्यांना वाटलं, काकी आपलं मन राखतायत. त्यांनी आपणहून सोलायचं काम सोडलं आणि शिवणी उसवायला बसल्या. काकी मला अजून फोन करतात. जेवलास का, तिथं पाणी कसं हाय, ताप उतरला का, सगळं विचारतात. ते एक कधीच विचारत नाहीत. मी दिलेला शब्द माझ्याकडेच राहू दिला त्यांनी.

हा लेख साठीच्या समारंभात वाचून दाखवतील असं कळलं आहे. जो कोणी वाचत असेल त्याने पुढची ओळ कृपा करून बारकूबाईंकडे तोंड करून वाचावी. बारकूबाई, ते तुकडे माझे होते. तुमच्या डोळ्यांचा त्यात काही दोष नव्हता.

काकी, तुम्हाला चांगलं, भरपूर आयुष्य लाभो. गुडघे दुखू नयेत, बोटांतली ताकद राहो. मी दिवाळीला येईन तेव्हा हौदाच्या एका बाजूला तुम्ही आणि समोरच्या बाजूला बारकूबाई, अशा दोघी सोलत बसलेल्या मला दिसाव्यात.