आजारी घर गाळू नका

नाताळाआधी प्रभूच्या येण्याची वाट बघण्याचा आगमनकाळ; त्याचा तिसरा रविवार, नांदेड. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या खोलीत ती, दाजी आणि लातूरहून आलेला मी, असे तिघे होतो. तिच्या कर्करोगावर आता उपचार उरलेला नाही, असे डॉक्टरांनी आदल्याच दिवशी सांगितले होते. याला आता दोन महिने होतील.

नाताळाआधी चर्चचे भजनी मंडळ घरोघर गात फिरते. घरात मोठे दुखणे असेल तर मात्र ते घर गाळतात. रोग्याला त्रास नको, एवढाच हेतू. लग्न होऊन नांदेडला आल्यापासून या मंडळात ढोलकी अक्काची. बाईच्या हातात ढोलकी बघून आधी लोक हसले. पुढे तिच्याशिवाय मंडळ निघेना. त्या संध्याकाळी ढोलकी गल्लीत वाजत आली, आमच्या दाराशी थांबली आणि दोन घरे सोडून पुन्हा सुरू झाली... अक्काने उशाजवळचे स्टीलचे ताट उचलून पलंगाच्या दांडीवर बडवले.

"अहो, बोलवा त्यांला! मी मेले का काय?"

मंडळी ओशाळून आत आली. ढोलकी आता अविनाशकडे होती, तिनेच शिकवलेला. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला त्रास..."

"त्रास दुखण्याचा हाय बाबा, गाण्याचा न्हाई."

कुणीतरी स्वर्गातल्या विसाव्याचे संथ गीत धरले. तिने हात वर केला. "ते मेल्यावर म्हणा. आता येणाऱ्याचं म्हणा."

सगळे हसले, मग गायले. अक्काला दम पुरत नव्हता, ओळी सुटत होत्या. ताटावरचा ठेका मात्र चुकला नाही.

सगळे गेल्यावर मी सरळच विचारले, "अक्का, खरंच आनंद होतो, का आमच्यासाठी?"

"दुखतं तवा रडते की, तू बघितलंस. पण प्रभू काय आजारी घर गाळून जाणार हाय? तो येऊन राहिला, अन् मी तोंड पाडून बसू?"

शुक्रवारी ती गेली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मंडळ पुन्हा गल्लीत आले. घरात काही तळले नव्हते. करंज्या शेजारणीने दिलेल्या. दाजींकडे बघून मला वाटले, आज दार लावून घ्यावे. पण जन्मभर अबोल असलेले दाजी उठून थेट रस्त्यात उभे राहिले.

"गाळू नका. ढोलकीसकट या."

आम्ही सगळे गायलो. गाताना बहिणीच्या अभिमानाने माझा ऊर भरून आला... निघताना अविनाशने वर्गणीचे पावतीपुस्तक काढले आणि तो घुटमळला. दाजींनी मंडळाला पाचशे एक रुपये दिले.

"नाव काय घालू?"

"तिचंच. सालाबादप्रमाणं."