सगळेच सुधारित

'सुधारित' या शब्दाचा मला अजून राग येतो. एकोणीसशे साठच्या दशकात मी लोणावळ्याहून तळेगावच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून जायचे. कामगारांसाठीचे नियम मीच टाइप करायचे. नियम बदलला की साहेब जुन्या कागदावर लाल पेन्सिलने खाडाखोड करून तो माझ्यापुढे टाकत आणि म्हणत, "वर 'सुधारित' घाला." झालं! तारीख नाही, आधीचा नियम रद्द झाल्याची ओळ नाही. कार्बन लावून प्रती निघायच्या. पहिली साहेबांच्या फायलीत. शेवटची, पुसट, गेटवरच्या फळ्याला, तीही शिपायाला आठवण झाली तर.

एकदा मी म्हटलं, "साहेब, तारीख घालू या का? रजेचे दोन कागद झालेत, दोन्ही सुधारितच."

साहेब हसले. "बाई, तुम्ही टाइप करा. वाचताय कशाला?"

पॅकिंगमध्ये औंढ्याचे एक कामगार होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाताच्या लावणीला ते दरवर्षी आठवडाभर घरी राहायचे. फळ्यावरच्या नियमाप्रमाणे मुकादमाला सांगितलं की पुरे असायचं. त्या वर्षीही ते सांगून गेले, आणि परत आले तर गेटवरच अडवलं. नव्या नियमाला लेखी अर्ज हवा होता. अर्ज नसेल तर मस्टरवरून नाव कमी. तो कागद मी टाइप करून दिला होता, पण फळ्यावर कोणी लावलाच नव्हता.

भाऊंना साहेबांपुढे उभं केलं, तेव्हा मी फळ्यावरचा कागद काढून आणला आणि फायलीतल्या कागदाशेजारी ठेवला.

भाऊ म्हणाले, "आमी ह्योच वाचून गेलतो, साहेब. ह्यो बी सुधारितच हाय की. मंग कंचा खरा धरायचा?"

"फायलीत आहे तो."

फायलीत! फाइल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "फळ्यावर लावलाच नाही, तर यांना कळणार कसा?" मी विचारलं.

"नियम माहीत नव्हता, ही सबब चालत नाही."

चूक ऑफिसची आणि नोकरी भाऊंची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी आणखी बोलणार होते, पण भाऊंनीच मला अडवलं. "ऱ्हाऊ द्या बाई. तुमची बी जाईल." पंधरा वर्षं त्या पॅकिंगमध्ये खोकी उचललेला माणूस, आणि त्या घटकेला काळजी माझ्या नोकरीची करत होता. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी चहा मागवला.

दुपारी कामावरून कमी केल्याचं पत्र त्यांनी मला सांगितलं आणि मी ते टाइप केलं. कागद यंत्रातून ओढून काढणार, तेवढ्यात साहेब मागे वळले.

"आणि बाई, तारीख घाला हं. विसरू नका."