कडेचा निळा

आईने वहिनीच्या बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. ओसरीवर कापडाचे तुकडे मांडून ती मागे सरकली आणि डोळे किलकिले करून गडद-फिकट पारखू लागली. वहिनीच्या साडीचा पिवळा मधोमध होता. माझ्या कॉलेजच्या ओढणीचा निळा मात्र कडेला.

"माझा कडेला का गं?"

"गडद कडेलाच हवा, बाई. त्यानेच पिवळा उजळतो."

पोटापाण्यासाठी दूर गेलेल्या लेकीची जागाही बहुधा कडेलाच असते. मला शिकवून दूर पाठवलं आईनेच, तरी वहिनीचा हेवा वाटला. आई आत जाताच मी दोन्ही तुकड्यांची अदलाबदल केली. पिवळा पार विझला.

"झालं बघून?" आतून आवाज आला. "ठेव आता जागेवर."

ठेवला. फक्त बाळाच्या मुठीत येईल त्या कोपऱ्याकडे निळा थोडा सरकवला.