कुसुममावशीचा खरा वेग

कुसुममावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात सभेची पत्रकं घेत होतो. शाईच्या हातांनीच तिच्या घरी, नंदनवनला पोचलो. मावशीला अजून बाहेर आणलंही नव्हतं, आणि अंगणात तिचे भासरे भाऊसाहेब, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, एका पाहुण्याला सांगत होते, "बाई हौशी होती. पण गाडी भरधाव हाकायची. आमच्या आईचा हात मोडला तिच्यापायी." पाहुण्याने मान हलवली. मी गप्प राहिलो, कारण ती भांडायची वेळ नव्हती. आता महिना उलटला, आणि गप्प राहायला मला कारण सापडत नाही.

काकांची नजर अधू आणि भाऊसाहेब दिवसभर शहराबाहेर वाडीच्या गोदामावर, म्हणून एकत्र घरातली अँबॅसडर चालवायला मावशी शिकली. गल्लीतली पोरं मागे धावायची, बायका फाटकात येऊन पाहायच्या. तिचं चालवणं पाहून मात्र हसू यायचं, इतकं ते जपून असे. इंडिकेटर लावूनही हात बाहेर काढायची, आणि रस्त्याइतकंच लक्ष स्पीडोमीटरच्या काट्यावर. मोकळ्या रस्त्यावर साठ, वळणावर चाळीस, त्यापुढे नाही. "मावशी, बैलगाडी पुढे गेली ना!" मी चिडवायचो. "जाऊ दे ना गा, त्याले घाई असन," ती म्हणायची. या बाईला लोक भरधाव म्हणतात!

मग पेट्रोल महागलं. भाऊसाहेबांनी वाडीला ट्रकची कामं करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी ठेवली. ती धुऊनपुसून परत आली, आणि तिच्यात काय केलं हे ती चालवणाऱ्या एकुलत्या एका माणसाला कोणी सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत सासूबाईंना घेऊन परतताना अमरावती रोडच्या एका वळणावर चाकं गिट्टीवर घसरली, गाडी नालीत कलली आणि सासूबाईंचा हात मोडला. "काटा चाळीसवरच होता," मावशी सांगत राहिली. "मंग काटा खोटं बोलते काय वं?" भाऊसाहेबांनी विचारलं, आणि खुंटीवरची किल्ली खिशात टाकली. बायकांना वेगाचा अंदाज नसतो असा निकाल लागला. काका भिंतीकडे पाहत बसले... त्या दिवसापासून मावशी सायकलरिक्षाने फिरू लागली.

ती स्वस्थ बसली नाही. भाऊसाहेब ट्रकने बाहेरगावी गेले तेव्हा तिने किल्ली मागितली आणि काकांनी, जन्मात एकदा, ती भावाच्या कपाटातून काढून दिली. मला शेजारी बसवून तिने भर दुपारी उमरेड रोड धरला. "मी काटा साठवर धरते. या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत मिनिट लागलं पाहिजे. घड्याळ पाह्य गा, माह्या तोंडाकडे काय पाहून राहिला!" मिनिट व्हायच्या कितीतरी आधी किलोमीटरचा दुसरा दगड आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग ती वेग कमी करत गेली. दोन दगडांमध्ये बरोबर मिनिट लागलं तेव्हा काटा पन्नासच्याही अलीकडे होता. म्हणजे काटा पन्नास सांगे तेव्हा गाडी साठच्या वर पळत होती, आणि वळणावरचं चाळीस हे चाळीस नव्हतंच. मावशीने गाडी बाजूला घेतली, पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि स्पीडोमीटरच्या काचेवर त्या जागी बारीक रेघ ओढली.

भाऊसाहेब परतल्यावर तिने ती रेघ त्यांना दाखवली. ते हसलेच. "मागचं डिफ्रन्शियल बदलवलं, टायर मोठे टाकले. पेट्रोल वाचते. त्यात तुले काय सांगाचं?" किती सहज! काट्याची तार गिअरबॉक्समधून येते. ती मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या मोजते, रस्ता नाही. नव्या डिफ्रन्शियलमुळे शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त फिरू लागलं, मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापू लागलं, आणि काटा बिचारा जुन्या गाडीचा वेग सांगत राहिला. हे करणाऱ्याला ठाऊक होतं. "मग आईंसमोर एवढं सांगा, भाऊजी," मावशी म्हणाली. "आता काहून उकरून काढतं वं?" म्हणत ते जेवायला गेले. किल्लीही त्यांच्याबरोबर गेली.

मी पेटलो. पत्रक काढतो म्हणालो. "घराचं पत्रक काढतं काय रे, येड्या?" ती हसली. "त्यांच्या तोंडून एकदा निघू दे, बस." सासूबाई सुनेला दोष देतच गेल्या. मावशी वाट पाहतच गेली...

परवा काकांना भेटून निघालो तर भाऊसाहेब म्हणाले, चल, मी तिकडेच चाललो, सोडतो. तीच अँबॅसडर. काचेवरची रेघ फिकी झाली आहे, पण आहे. मोकळा रस्ता लागला, काटा चढत गेला, आणि रेघेला टेकताच भाऊसाहेबांचा पाय सैल झाला. काटा तिथेच धरून ते समाधानाने म्हणाले, "साठच्या वर मी कधी नेत नाही."

काटा पन्नासच्या अलीकडे होता.

"हे साठ आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं, भाऊसाहेब?" मी विचारलं. त्यांनी रस्त्यावरून नजर काढली नाही. माझं उतरायचं ठिकाण येईपर्यंत काटा रेघेच्या पुढे गेला नाही.