युसूफने बसवलेले पाइप

युसूफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजात एका जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. फोन त्याच्या धाकट्या भावाचा होता. सकाळची नमाज पढून आला, चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेला... इतकंच त्याला सांगता आलं. मी फोन खिशात ठेवला, हात पुसले, आणि पहिला विचार जो मनात आला तो लिहायला लाज वाटते. जुन्या मोटारींचं काम जाणणारा जिल्ह्यात आता मी एकटाच उरलो, असं मला वाटलं. रडू नंतर आलं, कब्रस्तानातून परतताना. पण पहिला नंबर त्या विचाराचा होता, आणि युसूफवर लिहायचं तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

बीडला आम्ही दोघं एकाच उस्तादांकडे शिकलो. मी आयटीआय करून गेलो होतो, त्याने शाळा चौथीतच सोडली होती. मला पुस्तकातल्या आकृत्या कळायच्या, त्याला इंजिन कळायचं. उस्ताद मला काम सांगायचे आणि त्याला कामाबद्दल विचारायचे. हा फरक पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आला आणि तो मी कधी विसरलो नाही. पुढे मी बीडमध्ये गॅरेज टाकलं, चांगला पेंटर बोलावून बोर्ड रंगवून घेतला. युसूफने मांजरसुंब्याला ढाब्यांच्या रांगेत पत्र्याचं शेड उभं केलं, बोर्ड काही लावला नाही. तरी लोक माझ्या बोर्डासमोरून पुढे जाऊन त्याचा पत्ता विचारत हिंडायचे. त्याचं कौतुक कानावर आलं की माझं जेवण गोड लागत नसे. बायको म्हणायची, तुमचा दोस्त ना तो? दोस्तच होता. म्हणून तर जास्त लागायचं.

गाडीच्या पाण्याचे पाइप म्हणजे कोणीही करावं असं काम, असं सगळे समजतात. दोन टोकं जोडायची, क्लिपा आवळायच्या, झालं. युसूफ जुने पाइप काढायच्या आधी इंजिन चालू करून नुसता बघत बसायचा. रेस दिली की इंजिन कुठल्या अंगाला कलतं, किती थरथरतं, सायलेन्सरची नळी कुठे तापते... मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर तो एक सुती दोरी घ्यायचा आणि पाइप जसा जाणार तशी ती फिरवून बघायचा. तापल्या नळीपासून लांब, पंख्यापासून लांब, वळणावर मुडपणार नाही अशी, आणि मध्ये उंचवटा येऊन हवा अडकणार नाही अशी. इंजिन हलेल तेवढी ढील ठेवायचा आणि पाइप सगळ्यात शेवटी कापायचा. मी अर्ध्या वेळात तेच काम करायचो आणि त्याच्याकडे वेळ फुकट जातो म्हणून हसायचो.

पाटोद्याच्या आबासाहेबांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची एक विलायती मोटार आहे. ती दुरुस्तीला माझ्याकडे आली तेव्हा मी आठवडाभर हवेत होतो. इंजिन उतरवलं, बसवलं, सगळं मनासारखं झालं. राहिले हीटरचे दोन पाइप. आमच्याकडे मे महिन्यात स्टिअरिंगला हात लावता येत नाही, तिथे हीटर कोणाला पाहिजे? या भागातले सगळेच मिस्त्री जे करतात तेच मी केलं. हीटरचा डबा काढून टाकला, पाइपांच्या तोंडात बोल्ट ठोकले आणि वरून क्लिपा आवळल्या. आबासाहेब गाडी घेऊन निघाले आणि मांजरसुंब्याच्या घाटात ती उकळली. ढाब्यावरच्या लोकांनी अर्थातच युसूफला बोलावलं.

त्याने मला फोन केला. तुझी गाडी आलीय, ये, एवढंच म्हणाला. मी पोचलो तेव्हा आबासाहेब ढाब्यावर चहा घेत होते आणि युसूफच्या हातात माझे ते दोन बोल्ट होते. "दिन्या, हीटर तुला लागत न्हाई बे," तो हळू आवाजात म्हणाला, "इंजिनला लागतो." मग समजावून सांगितलं. या इंजिनात पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जातच नाही, तोवर ते हीटरच्या वाटेनेच फिरतं. मी ती वाटच बुजवली होती, त्यामुळे पाणी जागच्या जागी उकळून मागच्या अंगाला वाफ कोंडली होती. हे माझ्या पुस्तकातल्या आकृतीत होतं. मी ते बघितलंही होतं...

डिकीत टाकलेला हीटरचा डबा परत बसवून दुपारभर त्याने नवे पाइप टाकले आणि मी पाने देत उभा राहिलो. आबासाहेब आले तेव्हा तो म्हणाला, "काम दिनकरचंच हाय, मी नुसता हात लावला." दुसऱ्या मिस्त्रीची चूक गिऱ्हाइकापुढे काढायची नाही, ही आमच्या उस्तादांची शिकवण होती. त्याने ती पाळली आणि मी गप्प बसलो. त्यानंतर आबासाहेबांनी चार ठिकाणी माझं नाव घेतलं, त्या पाइपांसाठी. युसूफने मला चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला माफ केलं असतं. त्या उपकाराबद्दल मात्र मी त्याला कधी माफ केलं नाही. पुढची कितीतरी वर्षं मी घाटातून जाताना त्याच्या शेडपाशी थांबायचं टाळलं. भेटला की तोच हाक मारायचा.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी आबासाहेब गाडी घेऊन माझ्याकडे आले. नातवाच्या लग्नात ती काढायची होती आणि पाइपांची रबरं फुगली होती. "तुमीच टाकले व्हते, तुमीच बदला," ते म्हणाले. "पर तसेच पायजेत." मी बॉनेट उघडलं. इतक्या वर्षांत एकही पाइप कुठे घासला नव्हता, कुठे मुडपला नव्हता. मी हो म्हणू शकलो असतो. खरं काय ते सांगणारा आता कोणी उरला नव्हता.

"आबासाहेब, हे काम माझं न्हाई. युसूफचं हाय," मी म्हणालो. "मी पाइप बंद केलते, म्हणून गाडी उकळली."

"मग इतकी वर्सं कावून बोलला न्हाईत?"

"जळत होतो त्याच्यावर."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते टेबलावर किल्ली ठेवून म्हणाले, "बरं. मग आता करा."

मी इंजिन चालू केलं आणि अर्धा तास नुसता बघत बसलो. दोरी आणली, फिरवली, सोडवली, परत फिरवली. पाइप शेवटी कापले. त्या कामाला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आबासाहेबांना शेजारी बसवून मी गाडी घाटात नेली, घाट चढून मांजरसुंब्याला थांबवली. पाण्याच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नव्हता. आबासाहेबांनी उतरून स्वतः बॉनेट वर केलं, चष्मा लावला, एकेक पाइप बोटाने चाचपला.

"युसूफनं टाकल्यावानी झालंय," ते म्हणाले.

आयुष्यात माझ्या कामाचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं, आणि त्यातही नाव त्याचंच होतं. मी तिथे भर रस्त्यात उभा राहून पूर्वीसारखाच जळलो... समोर शेडला कुलूप होतं. नाहीतर रस्ता ओलांडून गेलो असतो आणि त्याला चार शिव्या घालून आलो असतो.