गोधडीवरचे फासे

धाकटा भाऊ इथे आखातात आमच्याकडेच राहायचा, इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. हमरियाच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅक्टरीत सुपरवायझर होता. कामावरून आला की हातपाय धुऊन फासे घेऊन बसायचा.

क्रॅप्स हा दोन फाशांचा जुगार. एकदा आकडा ठरला की तो पुन्हा पडेपर्यंत फेकत राहायचं. मध्ये सात आले की खलास. मी म्हणायचो, "अरे, दोन फाशांच्या छत्तीस जोड्या, त्यांत साताच्या सहा. कसेही धर, हे बदलत नाही."

"दादा, तुझं गणित भिरकावणाऱ्यांसाठी. मी भिरकावत नाही, ठेवतो."

दोन्ही फाशांवरचे तीन ठिपके वर आणायचा, ते एकमेकांना चिकटवून धरायचा आणि हलकी उलटी गिरकी देऊन सोडायचा. एकाच आसावरच्या चाकांसारखे ते जोडीने फिरत जायचे.

खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आली, तेव्हा बायकोने आईने शिवून पाठवलेली गोधडी काढली. अर्धी जमिनीवर अंथरली, अर्धी भिंतीवर चढवली.

"खेळा आता बिनधास्त, भाऊजी. पण जिंकलात तर मला डिशवॉशर हवा."

मुलगी म्हणाली, "काका, इट्स स्टिल रँडम."

"यल्ला, चल, तूच मोज."

तिने मोजलं. सात खरंच कमी पडत होते.

त्याने नोकरी सोडली. नोकरीचा व्हिसा रद्द होण्याआधी ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन जॉर्जिया देशातल्या कॅसिनोत गेला. तिथून फोन आला.

"दादा, इथे फासे टेबलाच्या समोरच्या भिंतीला आपटलेच पाहिजेत. आणि त्या भिंतीला रबराचे टोकदार उंचवटे आहेत रे. एक इकडे उडतो, एक तिकडे."

"किती राहिलेत?"

"गावच्या तिकिटापुरते."

"आधी घरी ये. मग बघू."

"नको. वहिनीला सांग, डिशवॉशर राहिला."

तो थेट गावी गेला. माझा फोन घेत नाही. आई सांगते, जेवतो, पण बोलत नाही.

गोधडी मी भिंतीवरून काढलेली नाही. बोटाने दाबून पाहिली. जुन्या लुगड्यांच्या थरांत बोट रुततं. फाशांचा सगळा जोर तिथेच जिरत होता. ते उसळतच नव्हते.

गेल्या शुक्रवारी आईने फोनवर विचारलं, "गोधडी वापरता ना रे? की ठेवलीय कपाटात?"

"वापरतो," मी म्हणालो.